आपल्या भागातला ओढा जिवंत करायचाय? सुरुवात कुठनं करायची आणि पैसा कुठनं आणायचा

कोल्हापुरात रिक्षावाल्याला "ओढ्यावरची यल्लमा" एवढंच सांगितलं तरी तो काही न विचारता नेऊन सोडतो. नावात ओढा अजून आहे, पण तिथनं जाणारं कुणी आता त्याला ओढा म्हणत नाही, नाला म्हणतं आणि नाकाला रुमाल लावून पुढं जातं. शहरातनं वाहणाऱ्या जयंती नाल्याला तर आपल्यातली जुनी माणसं अजूनही नदीच म्हणतात. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला सगळे मोकळे, म्हणून मी हट्टानं ओढाच म्हणतो.

आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षं आमच्या भागातल्या एका छोट्या ओढ्यासाठी धडपडतोय, आणि आता अधनंमधनं कुठल्या ना कुठल्या तरुण मंडळाची पोरं येऊन विचारतात की दादा आम्हालाही आमच्याकडचा ओढा नीट करायचाय, काय करू सांगा. प्रत्येकाला तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढावं.

आधी एक सांगतो, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाकडनं सुरू होतं, म्हणजे आधी बाक, दिवे, पेव्हिंग ब्लॉक, भिंतीवर चित्रं, आणि पाणी तसंच काळं. सहा महिन्यांत वासामुळं त्या बाकावर कुणी बसत नाही आणि पैसा गेलेला असतो. क्रम असा पाहिजे: आधी सांडपाणी ओढ्यापासनं वेगळं करायचं, मग गाळ आणि कचरा, मग काठ आणि झाडं, आणि शोभेचं सगळ्यात शेवटी. पैसासुद्धा याच क्रमानं मागायचा.

पहिलं काम: चालत जा

फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी ७ ते ९ च्या दरम्यान ओढ्याच्या काठानं जमेल तेवढं चाला. हीच वेळ का, तर पाऊस संपून चार महिने झालेले असतात, म्हणजे आमच्यासारखा छोटा ओढा खरं तर कोरडा पडायला हवा किंवा त्यात बारीकशी धार हवी, आणि तरीही तो दणकून वाहत असेल तर ते जवळपास सगळं घराघरातलं सांडपाणी आहे. सकाळी आंघोळी-धुणीभांडी चालू असतात त्यामुळं कुठला पाईप खरंच चालू आहे ते डोळ्यांना दिसतं. दुपारी गेलात तर निम्मे पाईप कोरडे दिसतील आणि तुमची यादी चुकेल.

मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून प्रत्येक पाईपचा, प्रत्येक गटारीच्या तोंडाचा फोटो काढा आणि त्याला नंबर द्या. पुढं तो कशाचा आहे ते लिहा. नुसतं न्हाणीचं पाणी आहे का, संडासाचं आहे का, गाड्या धुण्याच्या सर्व्हिसिंग सेंटरचं तेलकट पाणी आहे का, का म्हशींच्या गोठ्याचं शेण आहे. आपल्याकडं शहरात अजून गोठे आहेत, त्यामुळं हा शेवटचा प्रकार विसरू नका, आणि त्यावर उपायही वेगळा आहे, कारण शेणाला गिऱ्हाईक मिळतं, संडासाच्या पाण्याला मिळत नाही. कचरा कुठं टाकला जातो, भराव टाकून पात्र कुठं अरुंद केलंय, झाडं कुठली उभी आहेत, तेही टिपा. आम्हाला एवढ्याशा पट्ट्यात आधी वाटलेलं चार-पाच पाईप असतील, निघाले एकतीस.

एक कळकळीनं सांगतो. पाण्यात उतरू नका, आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये तर कुणालाही उतरवू नका, कितीही ओळखीचा माणूस असला आणि तो स्वतःहून म्हणत असला तरी. आतल्या विषारी वायूनं माणूस एका मिनिटात कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्यानं या कामावर बंदीच आहे. काठावर काम करतानाही गमबूट आणि हातमोजे पाहिजेतच, घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका असतो.

दुसरं: मोजा, अंदाजानं बोलू नका

साहेबांसमोर "लई घाण पाणी येतंय" म्हणून चालत नाही, आकडा लागतो. आणि आकडा काढणं अवघड नाही. सरळ वाहणारा १० मीटरचा तुकडा निवडा, वरच्या टोकाला लिंबू किंवा वाळलेलं पान सोडा आणि खालच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, असं चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. रुंदी आणि सरासरी खोली काठीनं मोजा. समजा रुंदी १.२ मीटर, खोली १५ सेंटीमीटर आणि लिंबाला ४० सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला पाव मीटर. वरच्या पाण्याचा वेग खालच्यापेक्षा जास्त असतो म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं. सगळा गुणाकार केला की सेकंदाला साधारण ३८ लिटर येतात, म्हणजे दिवसाला ३३ लाख लिटर, महापालिकेच्या भाषेत ३.३ एमएलडी. अर्थात हा सकाळच्या जोराचा आकडा, रात्री पाणी बरंच कमी होतं, म्हणून एक दिवस बारी लावून दर दोन तासांनी मोजा आणि मग सरासरी काढा.

याची उलट तपासणीही करता येते. शहरात पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. तुमच्या ओढ्याच्या आसपास १०,००० माणसं राहत असतील तर साधारण १०.८ लाख लिटर, एक एमएलडीच्या थोडं वर. तुमचा आकडा त्याच्या फार पुढं गेला तर वरच्या भागातनं कुठनंतरी पाणी येतंय, परत चालायला जा.

पाण्याची तपासणी तीन जागांवरनं करा, तुमच्या पट्ट्याच्या वर, मध्ये आणि खाली. बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप), विरघळलेला ऑक्सिजन आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू एवढं सुरुवातीला पुरं. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. बीओडीचा रिझल्ट लगेच मिळत नाही, आपल्याकडं तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. तुलनेसाठी लक्षात ठेवा, आंघोळीलायक पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन ५ च्या वर लागतो. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, आसपासच्या कॉलेजांतही केमिस्ट्रीची पोरं प्रोजेक्ट शोधत असतात, त्यांना सोबत घ्या, खर्चही वाचतो आणि रिपोर्टवर सहीशिक्काही येतो.

तिसरं: ओढा कुणाचा आहे ते कागदावर शोधा

एकाच ओढ्यावर चार-पाच खात्यांचा संबंध असतो आणि प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो. हद्दीसाठी नगर भूमापन कार्यालयातले नकाशे, आरक्षणं आणि रुंदीसाठी महापालिकेच्या नगररचना विभागातला विकास आराखडा, पाईपलाईनसाठी ड्रेनेज विभाग, पूररेषेसाठी जलसंपदा आणि प्रदूषणासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. नुसतं विचारून मिळालं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, हमखास गोलमोल उत्तर येतं. अमुक पुलापासनं तमुक पुलापर्यंतच्या ड्रेनेज लाईनचा नकाशा आणि मागच्या तीन वर्षांत तिथल्या सफाईवर झालेल्या खर्चाच्या बिलांच्या प्रती, असं नेमकं मागा.

दोन कायदे तोंडपाठ असू द्या. गटारं बांधणं, त्यांची देखभाल आणि सफाई हे १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं महापालिकेचं बंधनकारक काम आहे. दुसरा १९७४ चा जल प्रदूषण कायदा, त्यात प्रवाहाच्या व्याख्येत वाहता किंवा सध्या कोरडा असलेला जलमार्गही येतो. म्हणजे "हा काय नुसता नाला आहे" हे उत्तर कायद्यात बसत नाही. हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, तोही रस्ता आहे, पण मी म्हणेन तो शेवटी ठेवा, कारण एकदा केस झाली की ज्या इंजिनिअरसोबत तुम्हाला रोज काम करायचंय तो तुमच्याशी बोलायचा बंद होतो.

पूररेषेचा नकाशा न बघता काही ठरवू नका, कोल्हापुरात तर अजिबातच नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणारा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी, आणि २०१९ ला आणि परत २०२१ ला आपण ५५ च्या पुढं पाणी बघितलंय. पंचगंगा चढली की ओढ्याचं पाणी नदीत जात नाही, उलट नदीचं पाणी ओढ्यातनं शहरात घुसतं, शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ ला पाणीपुरवठ्याचे पंपच बुडाले आणि सगळीकडं पूर असताना प्यायला पाणी नव्हतं. त्यामुळं तुमच्या प्लॅनमध्ये पंप असेल तर त्याचं इलेक्ट्रिक पॅनेल किती उंचीवर बसणार हा प्रश्न पहिल्या मीटिंगमध्येच विचारा.

चौथं: माणसं

काठावर राहणाऱ्यांकडं पहिल्या दिवसापासनं जा, आणि आरोपी शोधायला आलोय असं वाटू देऊ नका. ओढ्यात पाईप सोडणाऱ्या बऱ्याच घरांपुढं ड्रेनेज लाईनच नसते, ते दुसरं काय करणार? उलट त्यांच्याच घरात पावसाळ्यात पहिलं पाणी शिरतं, त्यांना हे काम आपल्यापेक्षा जास्त हवं असतं. मोठ्या बिल्डिंगचा पाईप ओढ्यात असतो तेव्हा मात्र लाईन समोर असूनही खर्च वाचवलेला असतो, तिथं जरा ठामपणे बोलावं लागतं.

आपल्याकडं तालीम आणि तरुण मंडळ यांच्याइतकी ताकद दुसऱ्या कुणात नाही. गणपतीत रात्रभर राबणारी पोरं ओढ्यासाठीही येतात, फक्त त्यांना कचरा उचलण्यापुरतं बोलावू नका, मोजणीचं आणि नकाशाचं काम द्या. महिला बचत गटांना रोपवाटिका आणि देखभालीसाठी सुरुवातीलाच धरा. आणि दोन मंडळांच्या हद्दीतनं ओढा जात असेल तर दोघांनाही एकाच दिवशी, एकाच बैठकीला बोलवा, हे विसरलात तर पुढचं वर्ष समजूत काढण्यात जाईल.

पाचवं: प्लॅन

सगळा ओढा एकदम घेऊ नका. ३०० ते ५०० मीटरचा पट्टा घ्या, एका पुलापासनं दुसऱ्या पुलापर्यंत.

सांडपाण्यासाठी साधा विचार असा, जिथं ड्रेनेज लाईन जवळ आहे तिथं प्रत्येक पाईप तिला जोडायचा, नसेल तर काठाला समांतर लाईन टाकून पाणी पंपिंग स्टेशनकडं न्यायचं. जयंतीचं पाणी उचलून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या प्रक्रिया केंद्राकडं नेतात, दुधाळीला १७ एमएलडीचं केंद्र आहे. तुमचा पट्टा यातल्या कुठल्या जाळ्यात येतो ते ड्रेनेज विभागाला विचारा. लाईन पोचणं शक्यच नसेल तर जागेवरच झाडांच्या मदतीनं पाणी साफ करायची पद्धत आहे, नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेलं फायटोरिड त्यातलंच, खडी-वाळूच्या थरांत कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावतात आणि पाणी त्यातनं हळूहळू फिरवतात. त्याला वीज कमी लागते पण जागा लागते, आणि दर काही महिन्यांनी झाडांची छाटणी लागते. ओढ्याच्या ऐन पात्रात हे बसवायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका, पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाईल.

गाळाचा हिशोब आधी करा. ४०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाडीचा थर म्हणजे ८०० घनमीटर, साधारण २८० ब्रास. दोन ब्रासचा डंपर धरला तर १४० खेपा. आता हा गाळ टाकायचा कुठं? शेतकरी नेतील असं सगळे म्हणतात, पण सांडपाण्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकणं बरोबर नाही. जागा ठरली नाही तर गाळ काठावरच ढीग करून ठेवतात आणि जूनमध्ये तो परत आत येतो.

काँक्रीटबद्दल माझं मत ठाम आहे, दोन्ही बाजूला भिंत आणि खाली तळ असा डबा करू नका. पाणी जोरात पुढं जातं आणि खालच्या गल्लीत पूर वाढतो, जमिनीत मुरायचं थांबतं, आसपासच्या विहिरी-बोअरला त्याचा फायदा उरत नाही. जिथं घर अगदी काठावर आहे तिथं भिंत लागेल, मान्य, बाकी ठिकाणी दगडाच्या जाळ्या आणि उतरता मातीचा काठ ठेवा. काठाला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, अर्जुन, खाली वाळा. ही पाण्यात चार दिवस उभी राहणारी झाडं आहेत. आम्ही पहिल्या वर्षी उत्साहात जूनमध्ये रोपं लावली आणि जुलैच्या पहिल्या लोंढ्यात सगळी गेली, पोरं रडवेली झाली होती. आता पाणी ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतो आणि उन्हाळाभर पाणी घालतो. आधीचं झाड तोडायची वेळ आली तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हेही लक्षात असू द्या.

सहावं: पैसा

इथं नवीन माणूस सगळ्यात जास्त अडखळतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी एक जण सगळा पैसा देईल. तसं कधी होत नाही. प्रत्येक कामाचा खिसा वेगळा, म्हणून आधी कामाचे तुकडे करा.

ड्रेनेज लाईन, पंप, प्रक्रिया ही मोठी कामं सरकारी पैशातनंच होतात, वर्गणीतनं होत नाहीत. २०२१ ला सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० योजनेमध्ये सांडपाणी आणि जलस्रोतांचं पुनरुज्जीवन दोन्ही बसतं, एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना केंद्राकडनं एक तृतीयांश हिस्सा असतो, आणि २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आत-बाहेर आहे, म्हणजे आपण त्याच गटात. पण प्रस्ताव महापालिकाच पाठवते, तुम्ही नाही. केंद्राची कुठली योजना कधी चालू आणि कधी बंद हे बदलत राहतं, म्हणून तुमचं काम एवढंच की नवा प्रस्ताव तयार होत असताना तुमचा पट्टा, तुमचे आकडे आणि पाईपची यादी त्यात असेल हे बघायचं. राज्याकडनं शहरातल्या सोयींसाठी नगरोत्थान योजना आहे, वस्ती पात्र असेल तर दलितवस्ती सुधारमधनं गटारी होतात.

महापालिकेचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडतात पण त्याची जुळवाजुळव आधीच झालेली असते. नोव्हेंबरच्या आत आयुक्त आणि शहर अभियंता दोघांनाही लेखी द्या आणि पोच घ्या. मार्चमध्ये गेलात तर "पुढच्या वर्षी बघू" हेच ऐकाल, आमचं पहिलं वर्ष असंच गेलं.

जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो, आणि आमदार-खासदार निधी असतो. खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात, तो फक्त शिफारस करतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. त्यातनं टिकाऊ बांधकाम होतं, पगार किंवा देखभाल होत नाही. म्हणून या निधीतनं पूल, कचरा अडवणारी जाळी, संरक्षक भिंत मागा.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्यानं समाजासाठी खर्च करायचा पैसा, हा दुसरा मोठा खिसा. ज्या कंपनीचा वर्षाचा नफा ५ कोटींच्या वर आहे, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटींच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, आणि पाणी-पर्यावरण त्या यादीत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं फाउंड्रीवाले आणि इतर कारखाने भरपूर आहेत आणि कायदाही कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. अट अशी की पैसा घेणाऱ्या संस्थेकडं आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी पाहिजे, सीएसआर-१ चा फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे आणि तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे. नव्या मंडळाकडं हे नसतं, तेव्हा घाईत ट्रस्ट काढण्यापेक्षा गावातल्या एखाद्या जुन्या, हिशोब नीट असलेल्या संस्थेसोबत करार करा. कंपनीला भेटताना ४० पानांची फाईल नको. दोन पानं, एक नकाशा, तीन फोटो, तपासणीचे आकडे आणि त्यांच्या पैशातनं नेमका कुठला तुकडा होणार ते. "ओढा स्वच्छ करायचाय" याला कुणी पैसे देत नाही, "१७ नंबरपासनं २४ नंबरपर्यंतचे आठ पाईप लाईनला जोडायचेत" याला देतात.

वर्गणी शेवटी, पण ती हवीच, कारण घराघरातनं १०० रुपये गेले की तो ओढा त्या घराचा होतो. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. दर महिन्याला जमा-खर्चाचा कागद चौकातल्या फळ्यावर लावा.

सरकारी कामाचा कागद कसा फिरतो ते थोडक्यात: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, कार्यारंभ आदेश. तुमची फाईल यातल्या कुठल्या पायरीवर आहे हे दर पंधरा दिवसांनी विचारा, नम्रपणे पण न चुकता. आमची एक फाईल पाच महिने एका टेबलावर होती कारण एका नकाशावर सही राहिलेली, कुणी सांगितलंच नाही. आणि कार्यारंभ आदेश एप्रिल-मे मध्ये निघाला तर सरळ सांगा की खोदकाम दिवाळीनंतर सुरू करा, उघड्या चरी घेऊन पावसाळ्यात जायचं नाही.

सातवं: देखभालीचे पैसे पहिल्याच दिवशी मागा

बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, बहुतेक कामं इथंच मरतात. टेंडरमध्येच पाच वर्षांची देखभाल घाला, पंपाचं वीजबिल कोण भरणार ते ठरावात लिहून घ्या, आणि जाळीत अडकलेला कचरा रोज कोण काढणार त्या माणसाचं काम आणि मजुरी आधी ठरवा. पुलाजवळची जाळी दोन दिवस साफ झाली नाही की पाणी तुंबून शेजारच्या घरात शिरतं आणि मग लोक म्हणतात जाळीच काढा.

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा. मेमध्ये जाळ्या आणि चेंबर साफ, तेही महापालिकेच्या मशीननं. जूनपासनं राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर लक्ष, इशारा पातळी आली की काठच्या घरांना फोन. पाणी ओसरलं की काठानं परत एक फेरी, कारण पुरात लाईनची तोंडं उघडी पडतात आणि काही जण त्याच गडबडीत नवा पाईप सोडतात. जलपर्णी दिसली तर चार पानं असतानाच काढा. इथला प्रत्येक थेंब शेवटी पंचगंगेत जातो, आणि खाली इचलकरंजी आहे जिथं २०१२ साली काविळीच्या साथीत माणसं दगावली, म्हणून तपासणीचा रिपोर्ट आला की त्याची एक प्रत खालच्या गावांतल्या ग्रामपंचायतींनाही पाठवत जा.

फेब्रुवारी आला की परत त्याच तीन जागा, तीच सकाळची वेळ, तेच लिंबू आणि तेच १० मीटर. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लगेच तिथंच लिहा, घरी येऊन लिहू म्हटलं की बाटल्यांची अदलाबदल होते.